गारखोलीपर्यंतची केबल

१२ जानेवारी

भावोजी,

पत्राच्या वर काहीतरी गोड लिहायची रीत आहे. ती मला येते, पण आज हात तिकडे वळत नाही.

तुमचा निरोप पोचला. लेकीने फोनवर वाचून दाखवला. "माझ्या पट्ट्यातून काहीही जाणार नाही. वरून तार नाही, खालून केबल नाही." बस्स. वहिनी जिवंत आहे का, हेही विचारायला सुचलं नाही तुम्हाला. मी लेकीला म्हटलं, पुढचं वाच. ती म्हणाली, पुढे काही नाहीच आई.

फोन केला तर तुम्ही "हं" म्हणता आणि मग इतके गप्प होता की मला वाटतं लाइन गेली. म्हणून कागद घेतला. कागदावर तुम्हाला मला मध्येच तोडता येत नाही.

तिकडे दूर देशात बसून इथला नकाशा विसरला असाल, म्हणून सांगते. खाली घर, घरात मीटर. घरामागे माझी फुलं. त्याच्या वर तुमचा पट्टा, ज्यात तुम्ही आजवर एक रोपटं लावलेलं नाही. आणि त्याच्याही वर, चढ संपतो तिथे, जुनी गोठ्याची इमारत, जिच्यात तुमच्या दादांनी पत्रे आणि थर्माकोलचे तक्ते ठोकून फुलांसाठी गारखोली केली. मामंजींनी वाटणी करताना मधला तुकडा तुम्हाला दिला, वरचा-खालचा आम्हाला. तेव्हा मी विचारलं होतं, मधल्यातून जायचं कसं? मामंजी म्हणाले, "भाऊ आहेत ते, फाटक लावणार आहेत का एकमेकांना?" मामंजी सुटले. त्यांना तुमचा निरोप वाचावा लागला नाही.

मी गारखोली पुन्हा सुरू करणार आहे. मिस्त्रीला बोलावलं होतं. तो म्हणतो, यंत्र धडधाकट आहे, नुसतं धूळ खातंय. वीज मात्र घरातूनच न्यावी लागेल. वर वेगळं मीटर मागितलं तर वीज कंपनी खांब टाकणार कधी आणि आपण बघणार कधी. म्हणून जमिनीखालून कवचाची जाड केबल, सरळ रेषेत, तुमच्या पट्ट्यातून. चर खणायचा, केबल टाकायची, माती पुन्हा सारखी करायची. तुमच्या दगडांना कळणारसुद्धा नाही.

आणि मला भीती वगैरे काही वाटत नाही. कोणी तसं सांगितलं असेल तर चूक आहे.

"नाही" म्हणायचं असेल तर कारणासकट म्हणा.

वहिनी


३ फेब्रुवारी

भावोजी,

कारण मागितलं तर तुम्ही पैसे देऊ केलेत! "दर महिन्याला ठरावीक रक्कम पाठवत जाईन, यंत्र भंगारात काढा, आरामात राहा." वाचून माझं डोकंच फिरलं. मी काय देवळाबाहेर बसलेय? लेकीला म्हटलं, काकाला सांग, तुझ्या आईचे दोन्ही हात शाबूत आहेत आणि जीभ त्याहून शाबूत आहे.

आराम कशाला म्हणतात ते ऐका. पहाटे फुलं कापते. कापलेलं फूल म्हणजे दारात उभा असलेला पाहुणा, फार वेळ थांबत नाही. मोरीत लिलीच्या बादल्या आहेत. स्वयंपाकघरात ओट्याखाली जरबेरा. तुमच्या दादांच्या खोलीत पलंग भिंतीला उभा करून गुलाब ठेवलेत, वर ओलं गोणपाट, समोर पंखा. अंघोळ करायची तर आधी फुलांची परवानगी काढावी लागते. एवढं करून ऊन चढलं की कळ्या उघडायला लागतात, आणि उघडली की संपलं. व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक आहे. तो मुद्दाम उशिरा येतो. टेम्पोतून उतरत नाही, खिडकीतूनच मान हलवतो. "ताई, माल उमललाय." जणू मी त्याला उमलायला लावलंय! मागच्या आठवड्यात मी म्हटलं, जा, नाही द्यायचा. तो हसला. म्हणाला, "मग काय करणार ताई, घरभर लावणार?" आणि खरंच, घरभर लावली. दोन दिवस असा वास होता की डोकं धरून बसले.

गारखोली चालू होती तेव्हा हाच माणूस उतरून, चपला काढून, ओट्यावर बसायचा.

आता पुढचं लिहायचं नव्हतं, पण तुम्ही पैशाचं नाव काढलंत, तर लिहिते.

दादा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात. लोक अंगणात बसले होते. माझ्याशी एक शब्द न बोलता तुम्ही पक्कड घेतलीत, पट्ट्यातल्या खांबावर शिडी लावलीत आणि घरातून गारखोलीला जाणारी ती तार कापलीत. वीज आधीच बंद केलेली होती, सगळ्यांना माहीत होतं. तरी कापलीत. खाली उतरून सगळ्यांदेखत म्हणालात, "मी सांगितलं होतं त्याला."

मी आत होते, पण घराला खिडक्या आहेत.

त्या चार शब्दांनी दादांना लोकांच्या तोंडी मूर्ख ठरवलं. आजही कोणी भेटलं की म्हणतं, अगं, भाऊ एवढा वीज इंजिनियर, त्याचं ऐकायचं ना! मी काय उत्तर देऊ? माणूस गेला, वर त्याची परीक्षा घेऊन नापासही केला तुम्ही.

पैसे पाठवू नका. परत पाठवायचा खर्च मला पडतो.

वहिनी


२६ फेब्रुवारी

भावोजी,

लेक सांगत नव्हती, मी खोदून काढलं. तिला तुम्ही फोनवर म्हणालात, "त्या खोलीचं नाव काढू नकोस. दादाच्या हट्टापायी ती उभी राहिली, आणि तिनेच त्याला खाल्लं. माझ्या जमिनीतून मी तिला पुन्हा अन्न घालणार नाही." आणि रडलात म्हणे.

रडलात हे ऐकून मलाही भरून आलं. ते ओसरल्यावर मात्र असा संताप आला की काय सांगू.

दादाचा हट्ट? दादांना फुलांतलं ओ की ठो कळत नव्हतं! जरबेराला ते शेवटपर्यंत "ती रंगीत सूर्यफुलं" म्हणायचे. गारखोली माझी होती. मी दोन ठिकाणी जाऊन तसल्या खोल्या पाहून आले. किती बादल्या राहतील, फळ्या कुठे, दार कुठल्या बाजूला उघडायचं, सगळं मी जमिनीवर खडूने काढून दाखवलं. दादा म्हणाले, "तू म्हणतेस तर करू." आणि करत बसले, शिट्टी वाजवत, तोंडात खिळे धरून. त्या इमारतीत त्यांचं कष्टाचं काम आहे आणि माझं डोकं आहे. तुमचं काय आहे तिच्यात? आणि तुम्ही परदेशातून तिचा बाप ठरवता, आई ठरवता, तिने कोणाला खाल्लं तेही ठरवता!

खोलीने नाही खाल्लं. मला मिस्त्रीने सगळं समजावलंय, आणि मी तीनदा विचारून समजून घेतलंय. घरातल्या दिव्यांना वापरतात तसली बारीक तार त्या खांबावरून नेलेली. कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम मोठा घास मागतो, बारीक तारेतून तो पोचत नाही, मग यंत्र गुरगुरतं, तापतं. तार पण तापायची. त्यात पत्र्याला भोक पाडून तशीच आत घेतली होती. वाऱ्याने हलून हलून पत्र्याच्या धारेवर तिचं आवरण कापलं गेलं. पत्र्यात वीज उतरली. जमिनीत जायला अर्थिंगची तार असती तर तिकडे गेली असती आणि फ्यूज उडाला असता. ती नव्हती. दादांनी बादल्या धुतल्या होत्या, पाय ओले होते, आणि दाराची कडी पकडली.

हे असं झालं. यात हट्ट कुठे आहे? "हंगाम संपला की नीट केबल टाकू," असं म्हणाले होते. जगातला प्रत्येक माणूस काही ना काही हंगाम संपल्यावर करणार असतो.

तर ऐका. तुमचा पट्टा तुम्हाला लखलाभ. त्याला हात लावत नाही. माझ्या कुंपणाच्या बाजूने खालच्या रस्त्यापर्यंत, रस्त्याच्या कडेने वळसा घालून, वरच्या बांधाने गारखोलीपर्यंत केबल नेते. दुप्पट लांब पडते. मिस्त्री म्हणतो, लांबी वाढली की केबलही जाड घ्यावी लागते, नाहीतर पुन्हा तेच दुखणं. घेईन. रस्त्याची परवानगी काढायला तिथल्या कचेरीत चार खेटे घातले. तिथला साहेब म्हणाला, "सरळ मधून का नेत नाही?" मी म्हटलं, "मध्ये माझे दीर आहेत." तो म्हणाला, "मग त्यांना विचारा ना." मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला सख्खा भाऊ आहे का?" त्याने सही केली.

वहिनी


१९ मार्च

भावोजी,

माझ्या आयुष्यात मी इतकं रागाने काही वाचलं नसेल, जितकं तुमचं गेल्या आठवड्यातलं पाकीट वाचलं.

वहिनीला पत्र म्हणून सात पानं! मला वाटलं, चला, माणूस बोलायला लागला. उघडून बघते तर चराची खोली. खाली वाळू, वर विटा, त्यावर पिवळी पट्टी. केबलची जाडी. अर्थिंगचा खड्डा कुठे, त्यात काय भरायचं. विजेची गळती पकडणारं स्विच कुठल्या जातीचं, ते वरच्या खोलीत स्वतंत्र बसवायचं. पत्र्यातून केबल आत घेताना रबरी बूच. आकृतीसुद्धा, रंगीत पेनाने. जमीन द्यायची नाही आणि अक्कल मात्र टपालाने पाठवायची!

मिस्त्रीला दाखवलं. त्याने पहिलं पान वाचून कागद खाली आपटले. "हे मला शिकवणार? मी काय काल लागलो कामाला?" मग चहा झाला. मग म्हणाला, "आणा बघू ते परत." दुसऱ्यांदा वाचताना मिशीतल्या मिशीत पुटपुटत होता. शेवटी म्हणाला, "सगळं असंच करणार होतो. पण जाडी अजून एक नंबर वाढवा म्हणतात, ते मात्र खरं आहे." मग सारखा भांडत भांडत सगळं तुमच्या कागदाप्रमाणेच करतोय. रबरी बूच त्याने दोनदा बदललं. मला म्हणतो, "तुमच्या दिरांना सांगू नका, पण माणूस भ्यालेला दिसतोय."

मी म्हटलं, कशावरून? तर म्हणतो, "एवढं बारीक कोणी उगाच लिहीत नाही."

आणि सातव्या पानाच्या तळाशी, आकृतीच्या खाली, मुंगीच्या अक्षरात तुम्ही काय लिहिलंत? "हवं तर पट्ट्यातून न्या."

हवं तर! दोन महिने मी तुमच्याशी भांडले, कचेरीत खेटे घातले. रस्त्याच्या कडेचा चर वरच्या बांधापर्यंत आलाय. खडक लागला तिथे दोन माणसं दिवसभर पहारीने ठोकत होती. रोज येणारे-जाणारे थांबून विचारतात, "काय ताई, नळ येतोय का?" आणि आता "हवं तर"? परवानगी अशी देतात का, कागदाच्या कोपऱ्यात लपवून? ती परत पाठवत आहे. त्या पानाची तळाची पट्टी कात्रीने कापून या पाकिटात घातली आहे, नीट बघा. बाकीची पानं ठेवून घेतली, ती कामाची आहेत.

आणखी एक. तुम्ही विचारलंय, "तुम्ही स्वतः वर जाता का?" याचं उत्तर मी पहिल्या पत्रात फिरवून दिलं होतं. आता सरळ देते. नाही जात. दीड वर्षात नाही गेले. चर वरच्या बांधाला लागला तेव्हा माणसांना चहा न्यायचा होता, तर तुमच्या पट्ट्याच्या कडेपर्यंत गेले, किटली दगडावर ठेवली आणि हाक मारून परत फिरले. झालं समाधान?

वहिनी


७ एप्रिल

भावोजी,

काल वीज सोडली.

सकाळी मिस्त्रीने त्याच्या यंत्राने सगळं तपासलं. अर्थिंग तपासलं, पत्रा तपासला, दार तपासलं. त्या गळतीच्या स्विचवर एक बारीक बटण आहे, ते दाबलं की सगळं खाड्कन बंद व्हायला हवं. तो दाबत होता, खाड्. पुन्हा चालू करत होता, पुन्हा खाड्. मग कॉम्प्रेसर सुरू केला. गुरगुरला नाही, एका दमात लागला. मिस्त्री व्होल्टेजचा काटा बघत होता, म्हणाला, "बघा, जागचा हलला नाही." इतका खूश की जणू त्यालाच मुलगा झाला.

हे सगळं मला कसं माहीत, तर मी तिथे होते. वर.

चढ चढले. तुमच्या पट्ट्यातून नाही, रस्त्याने वळसा घालून, केबलीसारखी. मिस्त्री म्हणाला, "ताई, दार मी उघडतो." मी म्हटलं, "नको. तुम्ही सगळे बाहेर व्हा." लेक आली होती, ती म्हणाली, आई, उगाच काय. तिलाही बाहेर काढलं. मग एक क्रेट उलटा घातला आणि दारासमोर बसले. किती वेळ, ते सांगत नाही, तुम्ही त्याचाही हिशेब मांडाल.

कडी तीच आहे, बदलली नाही. मला राग आला. आधी कडीचा. मग दादांचा, की एवढा हुशार माणूस ओल्या पायांनी, चप्पलसुद्धा न घालता. मग तुमचा, तो तर तयारच असतो. मोठ्याने बोलले मी. काय काय बोलले ते मिस्त्रीने बाहेरून ऐकलं, आणि भला माणूस, दूर जाऊन विडी ओढत उभा राहिला.

मग उठून कडी धरली. नुसती गार होती.

दार उघडलं, आतून गार हवा पायांवर आली, आणि मी पहिल्यांदा काय केलं असेल? ओरडले. "फळ्या कोणी उलट्या लावल्या?" लेक बाहेर हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्या बादल्या वर गेल्या. मोरीत अंघोळ केली. पलंग खाली टाकला.

आज व्यापारी आला. खिडकीतून मान हलवली. मी म्हटलं, "आज नाही देत. परवा या." त्याला वाटलं चेष्टा करते. मग वरून यंत्राचा आवाज ऐकू आला, तसा टेम्पोतून खाली उतरला.

तुम्हाला हे सगळं का लिहितेय, मला माहीत नाही. तुमची सात पानं भिंतीतल्या फळीवर आहेत म्हणून असेल.

वहिनी


२२ मे

भावोजी,

न सांगता येणं ही तुमची जुनी खोड. दारात बॅग घेऊन उभे राहिलात आणि पहिलं वाक्य काय, तर "अर्थिंगला पाणी घातलंत का?" मी म्हटलं, आधी तुम्ही पाणी प्या.

दोन दिवस तुम्ही मिस्त्रीचं डोकं खाल्लंत. प्रत्येक जोड उघडून पाहिलात. एकही चूक सापडली नाही तेव्हा तुमचं तोंड असं झालं होतं की मला समजेना, आनंद झाला की दुःख. आता समजतं. एवढं सगळं होऊ शकत होतं, आणि तेव्हा झालं नाही.

तिसऱ्या दिवशी गारखोलीच्या ओट्यावर बसून तुम्ही बोललात, ते मी तिथेच ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही. आता देते. तुम्ही म्हणालात, "तारेवरून मी दादावर फोनवर ओरडलो. म्हटलं, मरायचंय का तुला? त्यानेही आवाज चढवला. मी फोन ठेवला. मग आठ महिने बोललो नाही. वाटलं, त्यालाच अद्दल घडेल आणि तो फोन करेल."

भावोजी, तुमचं बरोबर होतं. तार वाईट होती. पण ज्याचं बरोबर असतं, त्याने पुन्हा फोन करायचा असतो. चुकलेल्याने कशाला करावा? त्याला कुठे माहीत असतं? ती सात पानं तेव्हा यायला हवी होती, आकृतीसकट. एकदा ओरडून फोन आपटायचा आणि मग अंगणात उभं राहून "मी सांगितलं होतं," याला सांगणं म्हणत नाहीत. हा राग माझा राहणार आहे. तो काही मी पुरत नाही कुठे. पण राग आहे म्हणून माणूस तोडलेला नाही, एवढं लक्षात ठेवा. पट्ट्यात निशिगंध लावा म्हणालात, लावीन. अर्धा माल तुमचा, आणि त्याचे पैसे निमूटपणे घ्यायचे.

आता शेवटचं. निघताना गाडीचं दार धरून तुम्ही विचारलंत, "वहिनी, त्या दिवशी दादा शेवटचं काय बोलला?" मी "उशीर होतोय" म्हणून दार लावून घेतलं. तुम्हाला वाटलं असेल, काहीतरी आहे आणि ही लपवते.

तुमचं नाव निघालं होतं, तुमची आठवण काढली होती, असं लिहिलं असतं तर तुम्हाला आज झोप लागली असती. पण तुमच्यावर रागावलेय, मग खोटं कशाला बोलू?

तुमचं नाव नाही घेतलं. माझंही नाही. वर जायला निघाले, उंबऱ्यात थांबले, सगळे खिसे चाचपले आणि मला विचारलं, "माझा चष्मा पाहिलास का गं?"

मी म्हटलं, "डोक्यावर."

त्यांनी हात लावून पाहिला आणि चढाला लागले. हसत होते, भावोजी. मला पाठच दिसत होती, पण खांदे हलत होते.

वहिनी